मंडळीतलं माणूस अचानक दवाखान्यात दाखल झालं, तर मदत कशी करावी

रात्री साडेनऊला फोन येतो: चर्चच्या मंडळीतल्या एका बंधूंच्या छातीत दुखायला लागलं, ॲम्ब्युलन्सने नेलंय. अर्ध्या तासात वीस जण दवाखान्याच्या दारात उभे असतात आणि घरी दोन लेकरं न जेवता झोपलेली असतात. धावतात सगळे मायेपोटीच, पण एकाच दिशेने. म्हणून आधी कामं वाटून घ्या.

पहिला तास

दवाखान्यात दोघांनीच जावं. एकाला कागदपत्रांतलं कळतं असावं, दुसऱ्याने घरच्यांजवळ बसावं. तिसऱ्याने मुलं, म्हातारी माणसं, गॅस आणि कुलूप बघावं. पाळकसाहेबांना किंवा फादरना एकानेच कळवावं आणि पुढचे सगळे निरोप त्याच माणसाकडून जावेत. व्हॉट्सॲपवर आजाराचं नाव, खाटेचा नंबर किंवा नळ्या लावलेला फोटो टाकू नये. घरच्यांनी सांगा म्हटलं तेवढंच सांगावं.

घरून पिशवी आणताना आधार कार्ड, रेशनकार्ड, विम्याचं कार्ड, जुने रिपोर्ट, चार्जर, चादर आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटं घ्या. ही पाकिटं विसरतातच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना ते कळायलाच हवं.

पैशाआधी कागद

वर्गणीला लागण्याआधी तीन ठिकाणी विचारा, तेही पहिल्याच दिवशी.

राज्य सरकारच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय असेल, तर तिथे आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, कक्ष असतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्याला भेटा. योजनेत बसणाऱ्या उपचारांना कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. पांढरं रेशनकार्डही चालतं. उपचाराला मंजुरी आधी लागते. बिल भरून झाल्यावर चौकशी करणाऱ्यांच्या हाती बहुधा काही लागत नाही.

रुग्णालय धर्मादाय असेल, तर समाजसेवा अधिकाऱ्यांना गाठा. अशा रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये आहे. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागता येत नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

खासगी विमा असेल, तर कंपनीला 24 तासांच्या आत कळवा. नोकरदाराच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर पगार बुडाल्यावर पात्र कामगाराला वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के आजारभत्ता मिळतो. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो.

सगळ्या मूळ पावत्या एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. औषधाच्या बिलाला त्याची चिठ्ठी जोडून ठेवा.

रक्त

रक्तदाता 18 ते 65 वर्षांचा, किमान 45 किलो वजनाचा आणि पोटात अन्न असलेला हवा. हिमोग्लोबिन 12.5 लागतं. दोन रक्तदानांत पुरुषांनी 3 आणि स्त्रियांनी 4 महिने अंतर ठेवावं. तरुण संघातले सगळे एकाच दिवशी जाऊ नका. प्लेटलेट 5 दिवसच टिकतात. सहाव्या दिवशी पुन्हा मागणी आली, तर देणारं कोणी उरत नाही.

डबा आणि रात्र

“काही लागलं तर सांगा” म्हटलं, की कोणी सांगत नाही. “मंगळवारी रात्री 9 ते सकाळी 7 मी थांबते” म्हणा. समोरच्याला नुसतं हो म्हणायचं असतं. महिला मंडळाने वहीत दहा दिवसांचे रकाने पाडून नावं लिहून घ्यावीत. नाहीतर रविवारी मटणाचे पाच डबे येतात आणि बुधवारी मुलं बिस्किटांवर असतात. चौघांना बारा पोळ्या, एक भाजी आणि वरण-भात पुरतो. डब्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहा. रुग्णासाठी मात्र दवाखान्याने सांगितलेलंच अन्न.

खाटेजवळची प्रार्थना

नर्सला आणि रुग्णाला विचारून, हळू आवाजात, तीन-चार मिनिटं. गाणं घरी म्हणा, वॉर्डात शेजारीही आजारी आहेत. प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) द्यायचं असेल, तर पाळकसाहेबांनी आधी खात्री करावी: ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या माणसाला भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरसही चालत नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शुद्धीवर आल्यावर, डॉक्टरांनी तोंडाने घ्यायला परवानगी दिली की द्यावं.

दानार्पण

गोळा झालेली रक्कम खजिनदार आणि आणखी एक पंच, अशा दोघांनी मोजून वहीत लिहावी. शक्यतो थेट रुग्णालयाच्या किंवा मेडिकलच्या खात्यात भरावी. ही भेट आहे, उसने नाहीत, हे घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. आमच्या मते हे एक वाक्य रकमेइतकंच मोलाचं आहे. परतफेडीच्या धास्तीने चर्चला यायचं थांबवणारी कुटुंबं असतात. कोणी किती दिलं, ते वेदीवरून वाचू नये.

घरी आल्यावर

खरी वाण इथे पडते. पहिल्या आठवड्यात गर्दी, तिसऱ्यात कोणी नाही. ड्रेसिंगला गाडीतून नेणं, फेरतपासणी, मुलांची फी, दळण, सिलिंडर यांसाठी निदान सहा आठवडे दोन नावं ठरवून ठेवा. पहिल्या रविवारी त्यांना दाराजवळच्या बाकावर, पंख्याखाली बसवा. उपासनेत सारखं उठायला लावू नका, आणि छातीला टाके असतील तर मिठी न मारता हात जोडून सलाम करा.