उन्हाळ्यात मानवी हक्कांचं काम करायचंय? आधी तारखा टिपायला शिका

मार्च लागला की ज्युनिअर विचारायला येतात, "ताई, मानवी हक्कांत इंटर्नशिप कुठे मिळेल?" मुंबईत जागा आहेत: सीएसएमटीसमोरचा राज्य मानवी हक्क आयोग, मोफत वकील मिळवून देणारं विधी सेवा प्राधिकरण, कच्च्या कैद्यांचे (खटला अजून संपलेला नसताना तुरुंगात असलेल्यांचे) खटले चालवणारे वकील. अर्ज एका पानाचा ठेवा. मूट कोर्टच्या (कॉलेजातल्या नकली खटल्यांच्या स्पर्धेच्या) बक्षिसांआधी लिहा की मराठी-हिंदी नीट बोलता येतं आणि हाताने लिहिलेला पंचनामा वाचता येतो. मे महिन्यात हायकोर्टाला सुट्टी असली तरी काम थांबत नाही. अटक झालेल्याला 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं.

पहिल्याच दिवशी शंभरपानी वही घ्या. प्रत्येक माणसाला एक पान आणि वर चार तारखा: घटना, एफआयआर, अटक, पुढची तारीख.

माझ्या चुकीमुळे सांगतेय. 2025च्या मेमध्ये गोवंडीच्या एक मावशी आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत घडीवर फाटलेले कागद. मुलगा घरातल्या चोरीच्या गुन्ह्यात आर्थर रोड तुरुंगात, पहिलाच गुन्हा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम 479 प्रमाणे आधी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की कोर्टाने त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. या चोरीची कमाल शिक्षा सात वर्षं, म्हणजे एक तृतीयांश 28 महिने. मी एफआयआरची तारीख धरली, फेब्रुवारी 2023, आणि मावशींना सांगून बसले, "जूनमध्ये अर्ज करू." सिनिअर वकिलांनी रिमांडचा (कोठडीच्या आदेशाचा) कागद पुढे सरकवला. महिने अटकेपासून मोजायचे, आणि अटक सप्टेंबरातली होती. "गणपती बसायच्या चार दिवस आधी नेलं ना त्याला," मावशी म्हणाल्या. हे त्या आधीही बोलल्या होत्या, मी लिहून घेतलं नव्हतं. जूनचं जानेवारी झालं. त्या काही बोलल्या नाहीत, कागद पुन्हा पिशवीत भरत राहिल्या. साध्या जामिनाचा अर्ज सिनिअरनी वेगळा लावला, पण मी दिलेला जून मला परत घेता आला नाही.

म्हणून माणूस सणावारावरून सांगत असेल तर तसंच लिहून घ्या, तारीख नंतर कागदावरून ताडून पाहा. इतर गुन्हे प्रलंबित आहेत का, तेही विचारा, कारण असले तर 479चा आधार मिळत नाही. आयोगाकडे तक्रार करायला फी नाही, मराठीत लिहिली तरी चालते. मात्र घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. तिथेही पहिला प्रश्न तारखेचाच.

जाण्याआधी शीला बारसे खटल्याचा 1983चा निकाल वाचा. मुंबईच्या तुरुंगातल्या 15 स्त्रियांशी एक पत्रकार बोलली, सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, आणि अटकेची खबर लगेच विधी साहाय्य समितीला द्यायचा आदेश निघाला.

शेवटच्या आठवड्यात वही सिनिअरकडे सोपवा. आणि घरच्यांना पुढची तारीख कोर्टरूमच्या नंबरासकट मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून द्या.