मोठं माणूस झोपेत चालतंय? आधी सुरुवात कधी झाली ते बघा
लहानपणीही चालायचा आणि आता जागरण, टेन्शन झालं की परत उठतो, तर फार घाबरू नका, आधी झोप पुरी होऊ दे. पण चाळिशीत पहिल्यांदाच सुरू झालं तर झोल्पिडेमसारखी झोपेची गोळी नवीन लागलीय का, घोरताना श्वास अडकतो का बघा आणि डॉक्टर गाठा, गोळी आपल्या मनाने बंद नको. वेळ लिहून ठेवा, झोपेत चालणं बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात होतं. पन्नाशीनंतर पहाटे झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं हे वेगळंच प्रकरण, कधीकधी पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) कितीतरी आधी दिसतं, तिथे न्यूरोलॉजिस्टच. बाल्कनीला वरची कडी लावा, दाराला घुंगरू बांधा (आमच्याकडे जुनं पैंजण आहे, मस्त वाजतं) आणि गदागदा हलवू नका, हळूच दंडाला धरून ‘चल, झोपू’ म्हणत गादीवर आणा.