परसबागेतले बीट : बियांपासून कोशिंबिरीपर्यंत

बाजारातल्या बिटाची पाने बहुधा छाटलेली किंवा कोमेजलेली असतात, आणि घरी बीट लावण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण हेच आहे. आपल्याकडे पालक म्हणून विकली जाणारी बरीचशी भाजी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बिटाच्याच जातीतली आहे. त्यामुळे बीट लावणाऱ्याला एकाच झाडापासून पालेभाजी आणि कंद अशा दोन भाज्या मिळतात.

महाराष्ट्राच्या सपाट प्रदेशात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पेरणी करावी, कारण कंद उत्तम पोसण्यासाठी साधारण १५ ते २२ अंश सेल्सिअस तापमान लागते. कोकणात थंडी उशिरा येते, म्हणून तेथे नोव्हेंबरची वाट पाहणे बरे. उन्हाचा ताप वाढल्यावर पोसलेले बीट कापले की आत पांढरट वलये दिसतात. ते खाण्यास अपायकारक नसते, पण त्याची गोडी कमी असते. सगळे बी एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरल्यास कोवळी बिटे बराच काळ मिळत राहतात.

माती भुसभुशीत हवी. चिकण काळ्या मातीत कंद वेडेवाकडे होतात, म्हणून तशी जमीन असल्यास गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा थोडा उंच वाफा, करून त्यात वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण मात्र घालू नये, कारण त्याने पाने माजतात आणि कंद बारीक राहतात. गच्चीवर लावायचे असल्यास किमान २५ सेंटिमीटर खोलीची, तळाला भोके असलेली कुंडी किंवा रोपे लावण्याची पिशवी (ग्रो बॅग) घ्यावी आणि ती दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी ठेवावी.

ज्याला आपण बिटाचे बी म्हणतो, तो खरे तर दोन ते चार बियांचा एकत्र वाळलेला गुच्छ असतो. त्याची साल कठीण असल्यामुळे रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी दीड ते दोन सेंटिमीटर खोल पेरावे. आठवड्याभरात, कधी दहा दिवसांत, एकाच जागी दोन-तीन रोपे उगवलेली दिसतात. अशा वेळी विरळणी करण्याचा जीव होत नाही, हे मला ठाऊक आहे, कारण हाताने लावलेले रोप उपटणे कोणालाच आवडत नाही. परंतु ती केली नाही तर रोपे एकमेकांना दाबतात आणि एकही कंद भरत नाही. रोपे चार बोटे उंच झाली की प्रत्येक ठिकाणी सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने जमिनीलगत कापावीत, कारण उपटल्याने शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात. दोन रोपांत आठ ते दहा सेंटिमीटर अंतर राहावे. कापलेली रोपे टाकून द्यायची नाहीत, ती धुऊन कोशिंबिरीत किंवा पिठल्यात घालावीत.

पाणी नियमित आणि बेताने द्यावे. माती एकदा कडक वाळू देऊन मग भरपूर पाणी दिले तर कंद तडकतात. पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर ती नागअळी असते. अशी पाने तोडून टाकावीत. कंद जमिनीबाहेर डोकावू लागले की त्यांना मातीची भर द्यावी. कंदाच्या आत काळे, कोरडे डाग पडत असतील तर जमिनीत बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी असण्याची शक्यता असते.

पेरणीनंतर साधारण ५५ ते ७० दिवसांनी, कंद लिंबापेक्षा थोडा मोठा, म्हणजे पाच ते सात सेंटिमीटर व्यासाचा झाला की काढावा. त्याहून मोठा होण्याची हाव धरू नये, नंतर तो जून आणि दोरखंडासारखा होतो. त्याआधी बाहेरची एक-दोन पाने अधूनमधून तोडून भाजी करता येते, पण एका वेळी एका झाडाची निम्मी पाने काढली तर कंदाची वाढ खुंटते.

काढलेल्या बिटाची पाने लगेच वेगळी करावीत, नाहीतर ती कंदातले पाणी ओढतात. मात्र दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवावे आणि शिजवण्याआधी साल काढू नये, कारण बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा आहे. साधारण तीन शिट्ट्यांत ते शिजते आणि सालही सहज निघते. कोशिंबिरीसाठी थंड झालेले बीट किसून त्यात घट्ट दही, भाजलेल्या दाण्यांचे कूट, मीठ आणि चिमूटभर साखर घालावी व वरून हिंग, जिरे आणि हिरवी मिरची यांची फोडणी द्यावी. बिटाला येणारा मातकट वास न आवडणाऱ्यांसाठी दही किंवा लिंबू हाच उपाय आहे. पानांची भाजी करताना देठे आधी बारीक चिरून परतावीत, मग लसूण व पाने घालावीत आणि शेवटी थोडे बेसन पेरून झाकण ठेवावे. पाने फार शिजवली की काळपट होतात. बिटात ऑक्झलेट हा मुतखडा होण्यास हातभार लावणारा घटक असतो आणि पानांत तो अधिक, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ही भाजी डॉक्टरांना विचारूनच खावी. बीट खाल्ल्यावर काहींच्या लघवीला तांबूस रंग येतो, तो बिटातल्या रंगद्रव्याचा असतो; एक-दोन दिवसांत तो गेला नाही तर मात्र तपासणी करून घ्यावी.