हृदयाची आकृती पाठ करायच्या आधी पोरांसोबत एक संध्याकाळ हे करून बघा

मागच्या आठवड्यात आमच्या घरी हृदयाच्या आकृतीवरून रडारड झाली. पोरगी आठवीत आहे, सगळी नावं तिला धडाधड पाठ, पण मी म्हटलं डावं निलय (हृदयाचा खालचा कप्पा) दाखव तर तिनं चित्रात डावीकडं बोट ठेवलं अन् मग वर्कशीटवर सगळंच उलटं गेलं. मग दोन दिवस संध्याकाळी मी तिच्याजवळ बसली, पुस्तक बाजूला ठेवलं, आणि जे काही केलं ते इथं लिहून राहिली, कारण हा धडा हातानं, कानानं अन् पायानं शिकला तर पक्का बसतो, घोकून नाही बसत.

सगळ्यात आधी डाव्या-उजव्याचा घोळ मिटवा. चित्रातलं हृदय आपल्याकडं तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं असतं, म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडं येते. पुस्तक उघडून चित्र बाहेरच्या बाजूनं येईल असं पोराच्या छातीला लावा अन् म्हणा, हे तुझंच हृदय आहे, आता तुझा डावा हात कुठला ते सांग. एका मिनिटाचं काम आहे.

आता नाडी. मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला तर्जनी अन् मधलं बोट हलकंच ठेवायचं. अंगठ्यानं नाडी पाहू नका, त्याची स्वतःची धडधड लागते अन् मोजणी चुकते. पाच मिनिटं शांत बसल्यावर ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. मोठ्या माणसाची साधारण ७०-७२ येते, लहान पोरांची थोडी जास्त, त्यात घाबरायचं काही नाही. मग पोट्ट्याला जिना तीनदा वरखाली करायला लावा अन् लगेच परत मोजा. आणि आपल्या नागपूरचा फायदा घ्या न, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा बर्डीच्या बाजारातून घरी आल्या आल्या नाडी पहा, मग कुलरसमोर अर्धा तास बसून पहा. उन्हात शरीर कातडीकडं जास्त रक्त पाठवतं म्हणजे आतली उष्णता बाहेर पडते, तिथल्या नळ्या फुलतात, वरून घामानं पाणी कमी होतं, मग तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. नाडीचे आकडे वहीत लिहून ठेवायला सांगा, पोरं आपले स्वतःचे आकडे विसरत नाहीत.

ठोका ऐकायचाय तर जाड कागदाची एक हातभर सुरळी करा, एक टोक छातीवर किंचित डावीकडं अन् दुसरं कानाला, आणि तेवढ्यापुरता पंखा, टीव्ही बंद. लेनेक नावाच्या डॉक्टरनं १८१६ मधे पॅरिसला असंच वही गुंडाळून ऐकलं होतं, स्टेथोस्कोप तिथूनच आला. लब-डब ऐकू येतं ते झडपा बंद होण्याचं. लब म्हणजे अलिंद (वरचे कप्पे) अन् निलयांच्या मधल्या झडपा मिटल्या, डब म्हणजे निलयातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या नळ्यांच्या तोंडच्या मिटल्या. माझ्या पोरीनं स्वतःच्या धाकट्या भावाचं ऐकलं तेव्हा दोन मिनिटं ती काही बोललीच नाही.

यानंतर बादलीचा खेळ, हा मला सगळ्यात आवडतो. गच्चीवर दोन बादल्या घ्या, एकीत पाच लिटर पाणी मापून टाका, मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एवढंच रक्त असतं. टपरीसारख्या छोट्या चहाच्या ग्लासावर ७० मिलीची खूण करा, एका ठोक्याला एक निलय साधारण तेवढं रक्त ढकलतं. आता मोबाईलवर एक मिनिट लावा अन् म्हणा, ७० वेळा ग्लास भरून दुसऱ्या बादलीत ओत. आमची पोरगी चाळिसाव्या ग्लासापर्यंत आली अन् हात दुखतात म्हणून खाली बसली. मग हिशोब करायचा, ७० गुणिले ७० म्हणजे ४९०० मिली, म्हणजे मिनिटाभरात जवळपास अख्खं रक्त एक चक्कर मारून येतं, दिवसाचे लाखभर ठोके होतात अन् ७००० लिटरच्या वर काम होतं, गच्चीवरच्या हजार लिटरच्या सात टाक्या भरतील एवढं. पाणी फेकू नका, कुलरमधे टाका.

मार्ग समजवायला खडू पाहिजे, निळा अन् लाल. गच्चीवर चार खोल्या काढा, वर दोन अलिंद, खाली दोन निलय, एका कडेला फुप्फुसं अन् खाली लांब, पार जिन्याच्या दारापर्यंत, पायाची बोटं. पोरगं म्हणजे रक्ताचा थेंब. पायाच्या बोटापासून निघायचं, उजव्या अलिंदात, तिथून उजव्या निलयात, तिथून फुप्फुसात, तिथं हातात लाल खडू घ्यायचा, परत डाव्या अलिंदात, डाव्या निलयात, अन् महारोहिणीतून, म्हणजे शरीराकडं जाणाऱ्या सगळ्यात मोठ्या नळीतून, पुन्हा पायाकडं. म्हणजे एका फेरीत हृदयात दोनदा यावं लागतं, हेच बहुतेक पोरांच्या डोक्यात बसत नाही अन् चालून पाहिलं की बसतं. इथंच एक गोष्ट नीट सांगा, धमनी (कुठं कुठं रोहिणी लिहितात) म्हणजे हृदयापासून दूर नेणारी अन् शिरा, म्हणजे नीला, हृदयाकडं आणणारी, रंगावरून ठरवायचं नाही. फुप्फुसाकडं जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, तिकडून येणाऱ्या शिरेत भरपूर ऑक्सिजन असलेलं. आणि निळं रक्त वगैरे काही नसतं, ते गडद लाल असतं, शिरा निळ्या दिसतात तो कातडीतून येणाऱ्या प्रकाशाचा परिणाम आहे.

आता हातावरची शिर. हे स्वतःच्या हातावर करा, आजी-आजोबांच्या किंवा शुगर असणाऱ्यांच्या हातावर नको. कोपराच्या वर ओढणी सैलसर बांधा, नाडी लागत राहिली पाहिजे, अन् मिनिटभरात सोडा. शिरा फुगतील. एक लांब शिर निवडून मनगटाकडच्या टोकाला एक बोट दाबून ठेवा, दुसऱ्या बोटानं रक्त कोपराच्या दिशेनं सरकवा अन् ते वरचं बोट उचला. मधला भाग सपाट, रिकामा राहतो, वरून रक्त खाली येत नाही कारण आत झडप आहे. मग खालचं बोट उचला, मनगटाकडून क्षणात भरते. विल्यम हार्वी नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १६२८ च्या पुस्तकात हीच गोष्ट दाखवून रक्त फिरतं हे पटवलं होतं. पायात या झडपा अन् पोटरीचे स्नायू मिळून रक्त वर चढवतात, नुसतं उभं राहिलं की स्नायू हलत नाहीत, म्हणून दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांचे पाय सुजतात अन् अंबाझरी तलावाला चक्कर मारली की हलकं वाटतं.

हार्वीला एक दुवा सापडला नव्हता, धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून. तो १६६१ मधे माल्पिगी नावाच्या इटलीच्या शास्त्रज्ञानं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, केसाहून बारीक केशिका, इतक्या अरुंद की लाल पेशींना एकामागं एक जावं लागतं. ऑक्सिजन देणं, कार्बन डायऑक्साइड घेणं, हा सगळा व्यवहार तिथंच होतो, बाकी नळ्या फक्त रस्ते आहेत. घरी पाहायचं असेल तर नख दाबा, पांढरं होतं, सोडलं की दोन सेकंदात गुलाबी. तेच केशिकांचं रक्त.

आता वही काढायला सांगा. काढताना डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा दोन-तीन पट जाड यायला पाहिजे, अन् काहून ते पोरानंच सांगितलं पाहिजे. आमचीनं गच्चीवरच्या खडूच्या रेषांकडं पाहिलं, म्हणाली, आई, फुप्फुसं तर बाजूलाच आहेत, पण डाव्याला पार जिन्यापर्यंत ढकलावं लागतं न.