परसातल्या आंब्यावर भिरूड: या चुका टाळा

आमच्या मागच्या दारी आजोबांनी लावलेला रायवळ आंबा आहे. फळ आंबट आणि धाग्याचं, लोणच्यापलीकडे उपयोग नाही. पण मे महिन्यात दुपारी खाट पडते ती त्याच्याच सावलीत. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बुंध्याशी भुसा दिसायला लागला. ‘मुंग्यांनी उकरलंय,’ म्हणत आई रोज सकाळी तो झाडून टाकायची. दिवाळीपर्यंत एक अख्खी फांदी पिवळी पडली. रोज झाडल्या जागी रोज नवा भुसा पडतो, तर तो येतो कुठून, हे वर मान करून कुणी बघितलंच नाही.

खोडावरच्या सगळ्या खुणा एका किड्याच्या नसतात, आणि इथेच बरेच जण फसतात. सालीवर मातीचे लेप असतील तर ती वाळवी. फांद्यांच्या बेचक्यात भुसा आणि विष्ठा रेशमात गुंफल्यासारखी लांबट जाळी लोंबत असेल तर ती साल खाणारी अळी. दिवसा भोकात बसते, रात्री बाहेर येऊन साल कुरतडते. खोड पोखरणाऱ्या भिरुडाला ना माती लागते ना जाळी. भोक, भोकातून बाहेर पडणारा जाडसर भुसा, कधी चीक. आमच्या झाडाला दुपारच्या शांततेत कान लावला तर आतून चक्क करकर ऐकू यायची.

भिरूड म्हणजे चार-पाच सेंटीमीटर लांबीचा राखी-तपकिरी भुंगेरा; मिशा लांबलचक, डोक्यामागे दोन तांबूस ठिपके. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो लाकडातून बाहेर पडतो. मादी सालीला चीर पाडून किंवा आयत्या जखमेत अंडी घालते. पांढरट, बिनपायाची अळी आधी सालीखाली नागमोडी खाते, मग लाकडात शिरते आणि महिनोन् महिने आतच राहते. पूर्ण वाढली की बोटाएवढी होते.

म्हणून पानांवर फवारणी करणं म्हणजे औषध आणि पैसे दोन्ही वाया. अळी पानावर नाहीच.

त्याहून मोठी चूक आम्ही केली. घराचं काम चालू होतं, गवंड्याकडे सिमेंट उरलं होतं, घेतली सगळी भोकं बुजवून. बाहेरून झाड कसं नीटनेटकं दिसलं! आत अळी जिवंत. दोन आठवड्यांत वीतभर वर नवं भोक. शिवाय सिमेंटच्या मागे ओल धरून लाकूड कुजलं ते वेगळंच.

भोक बुजवायचं ते सगळ्यात शेवटी. आधी सगळा भुसा पुसून काढा आणि दुसऱ्या दिवशी बघा: ज्या भोकाखाली ओलसर, ताजा भुसा पडला असेल ते चालू भोक. बाकीची बहुधा जुनी. चालू भोकाचं तोंड धारदार चाकूने थोडं मोठं करा, भोवतालची मेलेली साल काढा. सायकलचा जुना स्पोक टोकाला आकडीसारखा वाकवून हळूहळू आत सरकवा. बोगदा वळणावळणाचा असतो, घाई केली की तार अडते. तारेला पांढरा ओला चिकटा लागला की समजायचं, अळी सापडली. हाती आली नाही, तर शिफारस केलेल्या औषधात भिजवलेला बोळा आत सारून तोंड चिखलाने लिंपा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा भुसा दिसला तर पुन्हा हेच.

औषध कोणतं, हे जुन्या पुस्तिकेत बघून ठरवू नका. त्यात हमखास डायक्लोरव्हॉस लिहिलेलं असतं आणि 2020 अखेरपासून त्याच्यावर देशात बंदी आहे. सध्याची शिफारस आणि प्रमाण सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारा. फळं धरलेली असताना विषारी औषध नको. रॉकेल, पेट्रोल भसाभसा ओतणारेही आहेत. त्याने सालीखालचा जिवंत थरच जळतो.

आणि एक गोष्ट दटावूनच सांगतो: धान्यात ठेवायची विषारी गोळी भोकात घालू नका. तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्याच्यावर उतारा नाही. झाड खिडकीपासून दहा फुटांवर असतं, खाली पोरं खेळत असतात.

वाळलेली फांदी तोडली आणि सरपणाच्या ढिगावर टाकली, हीसुद्धा चूकच. तोडलेल्या लाकडातही अळी वाढते आणि पावसाळ्यात भुंगेरा होऊन त्याच झाडावर परत येते. ती फांदी फोडून पावसाआधी चुलीत घाला. पावसाच्या तोंडावर छाटणी करणं, दोरीसाठी खिळे ठोकणं, बुंध्याशी पालापाचोळा पेटवणं, म्हणजे मादीला अंडी घालायला जखमा तयार करून देणं.

छाटलेल्या जागी आणि बुंध्यावर तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) पाच लिटर पाण्यात, एक किलो चुना वेगळ्या पाच लिटर पाण्यात, मग दोन्ही एकत्र. भांडं प्लास्टिकचं हवं. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून काढा; तांबूस झाला तर चुना आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा. पण लक्षात असू द्या, हे मुळात बुरशीचं औषध आहे. जखमा झाकते, आतली अळी मारत नाही. गेरू-चुन्याचंही तेच.

बुंध्याची साल चहूबाजूंनी पोखरली गेली असेल तर मात्र झाड वाचणं अवघड. तरी लगेच कुऱ्हाड लावू नका. शहरी भागात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि आंबा गावाकडेही 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे.

आमची ती फांदी गेली, झाड राहिलं. यंदा जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या रात्री ओटीवरच्या दिव्यापाशी एक भुंगेरा आपटत होता. धरला तर हातात किरकिर करायला लागला. आईने काही न बोलता साबणाच्या पाण्याची बादली पुढे केली.