घरच्या टेलिस्कोपने लघुग्रहाचा आकार कसा मोजायचा

लघुग्रह ताऱ्यासमोरून गेला की तारा काही सेकंद गुल होतो, याला पिधान म्हणतात, आणि तेवढे सेकंद नीट मोजले की आपलं काम झालं. तारा इतका लांब असतो की सावली जवळपास लघुग्रहाएवढीच पडते आणि जमिनीवरून सुसाट पळते. समजा वेग सेकंदाला १५ किमी आणि तारा ४ सेकंद गायब, म्हणजे तुमच्या रेषेवर लघुग्रह ६० किमी. पण एका रेषेने आकार कळत नाही, सावलीच्या पट्ट्यात आडवे पसरून बसलेले बरेच जण लागतात. १९ जुलै २०११ ला अमेरिकेच्या पश्चिमेकडे अँटिओपीने तारा झाकला तेव्हा असेच हौशी लोक पसरून बसले होते, आणि सगळ्यांच्या रेषा मांडल्यावर या जोड-लघुग्रहाचे दोन्ही गोळे वेगवेगळे उमटले!

आधी ऑकल्ट वॉचर हे सॉफ्टवेअर टाका, लोकेशन भरा, ते तुमच्या जवळून जाणाऱ्या सावल्यांची यादी देतं. सुरुवातीला जरा ठळक तारा निवडा. सहा इंची टेलिस्कोप पुरतो, मोठ्याच्या मागे लागू नका, पैसे टायमिंगवर घाला. मोबाईलचं घड्याळ बघून चालत नाही, ०.१ सेकंद चुकलात तर दीड किमीची बोंब. प्रत्येक फ्रेमवर जीपीएसची वेळ छापणारी डबी मिळते, ती घ्या, आणि कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर बंद ठेवा.

मोटरचं माउंट (ताऱ्यामागे टेलिस्कोप आपोआप फिरवणारा स्टँड) नसेल तरी जमतं. पिधानाला ४० मिनिटं बाकी असताना, टार्गेटच्याच क्रांतीवरचा (म्हणजे आकाशातल्या त्याच अक्षांशावरचा) पण विषुवांश (आकाशातला रेखांश, तो तास-मिनिटांत मोजतात) ४० मिनिटांनी कमी असलेला तारा मधोमध धरा, सगळे स्क्रू आवळा आणि मग हात लावू नका, पृथ्वी फिरून तुमचा तारा बरोब्बर वेळेला तिथेच आणून ठेवते. (मला तर हीच पद्धत जास्त आवडते.)

रेकॉर्डिंग दोन मिनिटं आधी सुरू करा आणि नंतरही दोन मिनिटं चालू ठेवा, लघुग्रहाला एखादा छोटा चंद्र असला तर तोही सापडेल. मग पायमूव्ही या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओवरून ताऱ्याच्या उजेडाचा आलेख काढा, शेजारचा एक ताराही सोबत मोजा, दोघे एकदम मंदावले तर तो ढग समजायचा. आणि तारा गेलाच नाही तरी रिपोर्ट टाकाच, लोक इथेच आळस करतात, पण लघुग्रहाची कड कुठे संपते हे तुमच्या त्या ‘नाही’वरूनच ठरतं.