लघवीत रक्त दिसलं? डॉक्टरकडे जाण्याआधीची तयारी

लघवी लाल झाली आणि दोन दिवसांत आपोआप साफ झाली की घरात सगळे म्हणतात उष्णता झाली असेल, धन्या-जिऱ्याचं पाणी पी. प्लीज असं सोडून देऊ नका. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा असंच होतं, काही दुखत नाही, रक्त येतं, थांबतं आणि काही महिन्यांनी परत येतं. थांबलं तरी दाखवायचंच. मी परळला लॅबमध्ये काउंटरवर सॅम्पल घेते, त्यामुळे लोकांचं कुठे अडतं ते रोज बघते, म्हणून हे लिहितेय.

पहिलं काम, मोबाइलवर फोटो काढा, लाजू नका, कारण ओपीडीत नंबर लागेपर्यंत लघवी साफ झालेली असू शकते. मग लिहून ठेवा की रक्त धारेच्या सुरुवातीला येतं, शेवटी येतं की पूर्ण धार लाल असते, गुठळ्या पडतात का, जळजळ किंवा ताप आहे का, कंबरेतून जांघेत कळ येते का (ही बहुतेक स्टोनची असते). रंग कोऱ्या चहासारखा, फेस जास्त, सकाळी डोळ्यांखाली सूज, असं असेल तर ते नक्की सांगा, तेव्हा किडनीच्या गाळणीचा आजार बघावा लागतो आणि युरोलॉजिस्टऐवजी (मूत्रमार्गाचे सर्जन) नेफ्रोलॉजिस्टकडे (किडनीच्या आजारांचे डॉक्टर) जावं लागू शकतं.

चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका. टीबीच्या रिफॅम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते, बीट खाल्लं तरी काहींना होते, म्हणून तेही सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका आणि त्या गोळीनेच झालं असेल म्हणून तपासणीही टाळू नका, गोळी असली तरी तपासणी तेवढीच लागते. सिगारेट-बिडी किती वर्षं, दिवसाला किती, सोडली असेल तर कधी, हे बायको-मुलांसमोर सांगायला जड जात असेल तर कागदावर लिहून द्या, कारण पुढे कुठल्या टेस्ट करायच्या ते वय आणि या हिशोबावर बरंचसं ठरतं. रंगाच्या किंवा रबराच्या कारखान्यात काम केलं असेल तर तेही लिहा.

आता सॅम्पल. पाळी चालू असेल तर आधी सांगा, बहुतेक वेळा चार-पाच दिवस थांबून देतात. जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली बाटलीत घ्या, झाकणाला आतून बोट लावू नका. कल्याण-विरारहून सकाळची लघवी बाटलीत भरून लोकलने आणू नका, तास-दोन तासांच्या पुढे पेशी फुटायला लागतात, लॅबमध्येच येऊन द्या. कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघायची टेस्ट) सांगितलं असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी सॅम्पल द्या. लघवीत बुडवून रंग बघायची नुसती पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्त आहेच असं नाही, मायक्रोस्कोपखाली एका फील्डमध्ये (मोठं करून एका वेळी दिसतो तेवढा भाग) 3 किंवा जास्त लाल पेशी दिसल्या तर रक्त आहे असं धरतात. आणि बायकांनो, दरवेळी इन्फेक्शनच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नका, कोर्स संपल्यावर लघवी परत तपासून रक्त गेलंय याची खात्री करा.

सोनोग्राफीला लघवी भरलेली लागते, आधी पाणी पिऊन धरून ठेवा. कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन केलेला) सीटी असेल तर क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची टेस्ट) ताजा रिपोर्ट न्या, आधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली असेल किंवा शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून सिस्टोस्कोपी (लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघणं) टाळणारे खूप भेटतात, पण मूत्राशयातली छोटी गाठ सोनोग्राफीत निसटू शकते. लवचिक दुर्बिणीने, सुन्न करणारी जेली लावून सिस्टोस्कोपी काही मिनिटांत होते, नंतर एखाद-दोन दिवस जळजळ होते, एवढंच.

मुंबईत केईएम, सायन, नायर अशा पालिकेच्या हॉस्पिटलला जायचं तर सकाळी लवकर निघा, केसपेपरची लाइन मोठी असते. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, आधार आणि रेशन कार्ड ठेवा, ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले योजनेसाठी लागतं.

गुठळ्यांनी लघवी अडली, चक्कर आली किंवा थंडी वाजून ताप आला तर ओपीडीची वाट बघू नका, तडक कॅज्युअल्टीत जा. आणि सगळं नॉर्मल आलं तरी लघवी परत कधी तपासायची ते विचारून केसपेपरवर लिहून घ्या.